आसरेची हळद

पोरगं छातीपर्यंत गाळात गेलं होतं आणि कुणाशी तरी बोलत होतं.

ओरडत नव्हतं, हात मारत नव्हतं. पाण्याकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होतं, मधेच हसत होतं. नवं लग्न झालेला माणूस चुलीपाशी बायकोशी बोलतो तसं. त्याची लग्नाची बायको, म्हणजे माझी सून, त्याच्या मागे पालथी पडली होती. त्याच्या सदऱ्याची पाठ तिनं दोन्ही मुठींत धरली होती. मी तिचे घोटे धरून बसले होते आणि माझ्याच मांड्या खाली चालल्या होत्या. ऊन बरोबर डोक्यावर होतं. कुणाचीच सावली पडत नव्हती.

धरणाचा गाळ वरून पापडासारखा वाळतो, भेगा पडतात, ढोरं चालावीत इतका कडक दिसतो. खाली तो पातळ असतो. पाय गेला की त्याचा आवाज होत नाही. पाण्यात माणूस बुडताना निदान बुडबुडे तरी येतात.

मालक, म्हणजे माझा नवरा, वर काठावर उभे होते. आमच्याकडे पाठ करून. मी त्यांना हाक मारली. त्यांची मान ताठ झालेली मला दिसली, म्हणजे ऐकू गेलं होतं. पण ते वळले नाहीत. मी पुन्हा जीव खाऊन हाक मारली. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबून घेतले.

ते का वळले नाहीत हे कळायचं तर मागचं सांगावं लागेल.

आमचं गाव ताम्हिणीच्या अलीकडे, धरणाच्या काठाला. जुनं गाव पाण्याखाली आहे. माझी आजेसासू त्या जुन्या गावात लग्न होऊन आली होती. मी आले तेव्हा तिथं नुसतं पाणी. नदीचा जुना डोह, डोहावरची उंबरं आणि साती आसरा, सगळं खाली. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. कुणी त्यांना देव म्हणतं, कुणी भूत. आमच्या गावात नुसतं ‘बाया’ म्हणतात आणि तेही हळू आवाजात. डोहाच्या काठाला त्यांचे सात दगड आहेत. ज्या उन्हाळ्यात धरण फार खाली जातं त्याच उन्हाळ्यात ते दगड उघडे पडतात. मग गावातल्या बायका गाळावरून चालत जातात, दगड धुतात, हळदकुंकू लावतात, हिरवा खण, बांगड्या, फणी, काजळ ठेवतात, दहीभात ठेवतात आणि मागं न बघता वर येतात.

याचे नियम आहेत. दगडांपाशी बाईनं बोलायचं नाही. पुरुषानं खाली उतरायचं नाही. पुरुष काठावर उभे राहतात ते पाठ करून. आणि हाक आली तरी वळायचं नाही, कारण आसरा ओळखीच्या आवाजात हाक मारतात. आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या. वळला तो गेला, असं म्हणतात. मी लग्न होऊन आल्यापासून हे ऐकत होते आणि ‘मीठ जपून वापर’ हे जसं ऐकतात तसंच ऐकत होते. खरंखोटं करायची वेळ आली नव्हती.

दोन हजार सालानंतर एका उन्हाळ्यात धरण खूप उतरलं. बायका खाली गेल्या, मीही गेले. सातातला एक दगड लवंडून गाळात रुतला होता. आम्ही त्याला धुतलं, आहे तिथंच हळद लावली, पण तो आम्हाला उचलवेना. आमच्यात एक थोरली म्हातारी होती, आसरांचा मान तिच्याकडे. ती ओटी भरून झाल्यावर वर गेली आणि काठावरच्या पुरुषांतून माझ्या पोराला हाताला धरून घेऊन आली. का, तर तो अंगानं दणकट आणि बिनलग्नाचा. बिनलग्नाचं पोर देवाच्या कामाला चालतं, असं तिनं ठरवलं. ते कुणाच्या सांगण्यावरून, ते तिलाच ठाऊक.

पोरानं सदरा काढला, वाकला, आणि दगडाला दोन्ही हातांनी कवळ घालून उचलला. लहान मूल उचलावं तसा छातीशी धरून सहा दगडांच्या ओळीत नेऊन बसवला. उभा राहिला तेव्हा त्याची छाती, गळा, हनुवटी सगळी पिवळी झाली होती. ओल्या दगडाची हळद होती ती.

वर येताना माझी जाऊ म्हणाली, “पोराला हळद लागली गं. आता सातातली नवरी कंची?”

हसायला सगळ्याच हसल्या. म्हातारी तेवढी हसली नाही. ती पोराकडे बघत होती आणि पोरगं मागं वळून दगडांकडे बघत होतं. आमच्यात नवरानवरीची हळद एकाची दुसऱ्याला लावतात, तिला उष्टी हळद म्हणतात. ती लागली की अर्धं लग्न झालंच. हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. आणि तेच त्या म्हातारीला दगड उचलायला लावताना आठवलं नाही.

त्या दिवसानंतर पोरगं रोज दुपारी पाण्यावर जायला लागलं. भाकरी खाल्ली की गेलंच. पाऊस पडला, धरण भरलं, दगड खोल गेले, तरी जायचं. बरोबर माणसं सावलीला पडायच्या वेळेला. मासे खायचं सोडलं त्यानं. चुलीवर सुकट भाजलं तरी उठून बाहेर बसायचा. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, “बघू.” पुढं पुढं तेही म्हणेना.

मालकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. “आसरा न्हाई न् फिसरा न्हाई,” ते म्हणायचे. “पलीकडच्या वाडीतली कुणीतरी पोरगी असंल. पाण्यावर धुणं घेऊन येत असंल. तू कशाला पदर चावतीस?”

“मग बघून या की,” मी म्हटलं.

ते एका दुपारी त्याच्या मागं गेले. करवंदीच्या जाळीआड बसले. परत आले तेव्हा पाणी मागितलं आणि तांब्या हातात धरून बसूनच राहिले.

“पोरगी हाय का?” मी विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“एकलंच बोलतंय.” तांब्या खाली ठेवून म्हणाले, “एकलं बोलणारी माणसं मी बघितल्यात. ती बोलतच सुटत्यात. ह्यो मधी थांबतोय. समोरचं बोलून होईस्तवर थांबतोय, मग उत्तर देतोय.”

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती आली. आधी होती ती काळजी. काळजीत माणूस बोलतो, एकमेकाला दोष देतो. भीतीत गप्प बसतो. आम्ही दोघं जेवताना त्याच्या पायांकडे बघायचो. ते ओले असायचे. घरी येऊन तास झाला तरी ओले. वैशाखातसुद्धा.

मी एकदा त्याला सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. तो गोठ्यात शेण भरत होता.

“कोण हाय ती?”

त्यानं फावडं ठेवलं. “तुला ठावं हाय आये.”

“काय मागती तुझ्याकडं?”

“काय न्हाई मागत. इचारती. वर काय चाललंय, कुणाच्या खाचरात काय लावलंय, कुणाची म्हातारी मेली. गाव बुडाल्यापास्नं तिला कुणी काय सांगतच न्हाई.”

“तुला नेणार हाय का?”

तो हसला. ते येड्याचं हसणं नव्हतं. शहाण्या, सुखी माणसाचं होतं. “ती न्हाई म्हणती. तिच्या बाकीच्या सहा जणी लई कडक हायेत. माणसाशी बोलायचंच न्हाई म्हणत्यात. ती चोरून येती. मीच म्हणतो, मी येतो तिकडं.”

“आन् तिकडं जाऊन काय करशील?”

“बसीन तिच्यापाशी,” तो म्हणाला आणि फावडं उचललं.

मी म्हातारीकडे गेले. ती तोवर अंथरुणाला खिळली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाली, “तिची हळद लागली, म्हंजी त्यो तिचा. सुटायचं तर काडीमोड करायला पायजे.”

काडीमोड म्हणजे आमच्याकडची जुनी सोडचिठ्ठी. नवराबायको गावासमोर एक काडी मोडतात, दोन तुकडे दोन दिशांना टाकतात, संपलं.

“मग देव्हाऱ्यासमोर मोडू का?” मी विचारलं.

“देव्हाऱ्यासमोर कशाला? ती तितं ऱ्हाती व्हय? दगडासमोर मोडायची, दगड उघडा पडंल तवा. आन् त्यानं स्वतःच्या हातानं. तू हात धरून मोडलीस तर ती तुझी काडी, त्याची न्हवं. आन् आधी त्याचं लगीन करा. बायकू संगं असली तर त्यो मोडंल. आन् बाप काठावर पाठ करून हुबा ऱ्हाऊ दे. कुणाची बी हाक येऊ दे, वळायचं न्हाई. त्या दिशी त्या लई हाका मारतील.”

हे सांगून पंधरवड्यात ती मेली. पुन्हा काही विचारायला कुणी उरलं नाही.

लग्न ठरवलं ते नेऱ्याकडच्या मुलीशी. तिकडे तेव्हा शेतांचे प्लॉट व्हायला लागले होते, भाऊ वाटण्यांवरून भांडत होते, आणि तिच्या बापाला पोरगी लवकर उजवायची होती. पोरगी बारावी झालेली, बोलायला फटकळ. मी तिला आणि तिच्या आईला सगळं आधीच सांगितलं. फसवून सून आणायची नव्हती मला. आई घाबरली. मुलगी म्हणाली, “पाण्याशी बोलतो ना? दारूशी तर बोलत नाही? माझा एक भाऊ बाटलीशी बोलतो.”

पोरगं लग्नाला हो म्हणालं, कारण मी जेवण सोडलं होतं. हळदीच्या दिवशी बायका त्याला हळद लावत होत्या आणि ती अंगावर टिकत नव्हती. पुसून पुसून कोरडं केलं तरी अंगाला पाणी सुटायचं आणि हळद ओघळून पाटावर यायची. बायका लावतच राहिल्या. मालक मांडवात उभे होते. ते बघून ते आत जाऊन बसले. त्या दिवसानंतर ‘आसरा न्हाई न् फिसरा न्हाई’ हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

सून आली आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. ती मला आत्या म्हणायची, मालकांना मामा. नवऱ्यालाही ती सोडायची नाही. तो पाण्यावर निघाला की म्हणायची, “सवतीला सांगा, तिच्याकडं जागा भरपूर हाय, पण सैपाक माझ्याच हातचा.” तो लाजल्यासारखा हसायचा. तिच्याशी वाईट वागला नाही तो कधी. कामाला चुकला नाही, हात उगारला नाही. पण घरी असताना पाहुण्यासारखा असायचा. पाहुणा कसा उठायच्या बेतानं बसतो, तसा.

एक दिवस सुनेनं अंगण आणि ओटा सारवला होता. पोरगं दुपारचं परत आलं आणि सारवणावरून आत गेलं. सून मला हाक न मारता, नुसता पदर ओढून बाहेर घेऊन गेली. ओल्या सारवणावर त्याची पावलं उठली होती. त्यांच्या शेजारून दुसरी पावलं होती. लहान, बाईची. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून उंबऱ्यापर्यंत आली होती. उंबऱ्याच्या आत नव्हती. परत गेलेलीही नव्हती.

मी म्हटलं, “पुसून टाक.”

ती म्हणाली, “थांबा.” आत गेली, द्रोणात दहीभात आणला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. “दारात आली तर उपाशी कशी पाठवू?” बोलण्यात थट्टा होती, पण द्रोण ठेवताना तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. “आत्या,” एवढंच म्हणाली, “मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यातच असंल.”

त्यानंतर आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघायला लागलो. धरण कधी उतरतं. दर उन्हाळ्यात मी रोज काठावर जाऊन बघायची. पाणी खाली खाली जायचं, जुन्या गावच्या देवळाचा कळस दिसायचा, मग थांबायचं. दगड वर यायचे नाहीत आणि पाऊस सुरू व्हायचा. आम्हाला दगड हवे होते काडी मोडायला. पोरालाही ते हवे होते. तोही रोज पाण्याची रेघ बघायचा. एकदा मी आणि तो शेजारी शेजारी उभं राहून तीच रेघ बघत होतो. तेव्हा मला कळलं की पाणी उतरलं की आमच्या हातात जे येणार, तेच त्याच्याही हातात येणार. आणि धरणाखाली जी कोण होती, तिच्याही.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, त्याच्या आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला असल्यामुळे, दगड वर आले.

आम्ही चौघंच गेलो. गावाला सांगितलं नाही. मालक काठावर थांबले. जाताना मी त्यांना म्हटलं, “काय बी ऐकू आलं तरी वळू नका.”

“वळत न्हाई,” ते म्हणाले. मग पोराकडे बघून म्हणाले, “मोड रं बाबा. मोड आन् ये वर. आपण दोघं भूगावला जाऊ, तितं बिल्डरकडं वाचमनची जागा हाय म्हणत्यात. पान्याचं तोंड बघायला नगं.”

पोरगं “व्हय दादा” म्हणालं.

वाट कोरडी होती. दगडांपर्यंत आम्ही नीट गेलो. आम्ही दोघी बोललो नाही. दगड धुतले, ओटी भरली. मग सुनेनं भाताच्या पेंढ्याची एक काडी काढून पोराच्या हातात दिली. तो त्यानं पूर्वी उचलून बसवलेल्या दगडासमोर उभा राहिला. काडी दोन्ही हातांत धरली. आम्ही बघत होतो. त्यानं ती वाकवली. भाताची वाळलेली काडी मोडायला काय लागतं? त्यानं ती वाकवली आणि पुन्हा सरळ केली. मग सुनेकडे वळून म्हणाला, “माझ्यानं न्हाई मोडवत. तुझी माझी मोडू का?”

त्या बोलण्यात राग नव्हता. त्यानं काडी कानावर ठेवली, सुतार पेन्सिल ठेवतात तशी, आणि दगडांच्या पलीकडे, पाण्याकडे चालायला लागला. पाच-सहा पावलांवर गाळ काळा होता. मी ओरडले, “तिकडं दलदल हाय.” नियम मोडून ओरडले. तो थांबला नाही. सून धावली, झेपावली, आणि तिच्या हातात सदरा आला.

तर असे आम्ही अडकलो होतो. तो पुढे, ती मधे, मी मागे. आणि काठावर मालक कान दाबून उभे.

ते भित्रे नव्हते. बहिरे नव्हते. म्हातारीनं सांगितलं होतं तसंच होत होतं, एवढंच. बायकोच्या आवाजात हाक येत होती. हंबरडा फोडून येत होती. मी जितकी जोरात ओरडेन तितकी त्यांना खात्री पटत होती की ही मी नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा गाळात जाण्याची मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी वाटली. मी आहे हे मी कसं पटवणार? रडून? आसरा रडू शकतात. नाव घेऊन? नाव त्यांनाही माहीत असणार.

मग मी शिव्या द्यायला सुरुवात केली. रोज देते तशा. “अहो ठोंब्या, कान काय दाबताय? होळीला तुमच्या ढुंगणावर गळू झालं हुतं ते कुणी पिळलं? आसरेनं पिळलं का मी? पालथं पडून आये आये करत हुता ते इसरला का? वळा मागं.”

मालक वळले.

त्यांनी एक क्षण बघितलं आणि धावत सुटले. दगडांपाशी येऊन थांबले, डोक्याचा पटका सोडला, एक टोक माझ्याकडे फेकलं. “कमरंला बांध.” मी बांधलं. दुसरं टोक त्यांनी त्याच, पूर्वी लवंडलेल्या दगडाला गुंडाळलं. मग आडवे झाले आणि आमच्या अंगावरून, माझ्या पाठीवरून, सुनेच्या पाठीवरून सरपटत पुढे गेले. सुनेला म्हणाले, “पोरी, सदरा सोडू नगं.” ती म्हणाली, “न्हाई सोडत मामा.”

ते पोराच्या पुढे गेले. मागून धरून ओढला असता तर सदरा फाटला असता. ते त्याच्यासमोर गाळात उतरले, छातीला छाती लावून. पोरगं तोवर गळ्यापर्यंत गेलं होतं. त्यानं बापाला बघितलं आणि पहिल्यांदा त्याचं बोलणं थांबलं.

“दादा, तुमी जा,” तो म्हणाला. “ती म्हणतीया, तुमी जा.”

“तू चल मग,” मालक म्हणाले. “माझी बायकू मला शिव्या देतीया. दोघंबी गेलो न्हाई तर लई देईल.”

त्यांनी त्याच्या काखेत हात घातले आणि वर रेटला. एकदा रेटला, दोनदा रेटला, तो हलला नाही. तिसऱ्यांदा तो वर आला. मी बघत होते. एका माणसाच्या जोरानं गळ्यापर्यंत रुतलेला माणूस तसा येत नाही. तो हलका झाला आणि आला. कुणी धरलेलं सोडलं म्हणून आला की खालून कुणी लोटलं म्हणून आला, मला माहीत नाही. मी जे बघितलं ते सांगितलं. सुनेनं त्याला पाठीमागून मिठी मारली आणि दोघं माझ्या अंगावर आदळले.

पोराला वर रेटलं तेवढेच मालक खाली गेले होते. गाळ त्यांच्या हनुवटीला लागला होता. मी त्यांच्याकडे हात केला. मधे दोन माणसं पडली होती, हात पोहोचत नव्हता. पलीकडे पाण्यात दोन कातकरी ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरत होते. त्यांनी माझ्या शिव्या ऐकल्या होत्या आणि ते हातांनी पाणी मारत येत होते. मी मालकांना म्हटलं, “आली माणसं. मान वर ठेवा.”

“ठेवलीया,” ते म्हणाले.

ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान जरा बाजूला वळवली, मागून कुणी हाक मारल्यावर वळवतो तशी. मी ओरडले, वळू नका. ते वळले होते.

कातकऱ्यांनी आधी सुनेला काढलं, मग पोराला, मग मला. पटका कापून काढावा लागला, इतका तो माझ्या कमरेत रुतला होता. मालक दिसेनासे झाले होते, तिथं त्यांनी बांबू घालून बघितला. बांबू सबंध आत गेला. संध्याकाळपर्यंत गाव, पोलीस, दोर, फळ्या सगळं आलं. त्यांचं शरीर दुसऱ्या दिवशी मिळालं, होते तिथून बरंच पुढं, पाण्याच्या अंगाला.

त्या गाळातून मी जिवंत आले, सून आली आणि पोरगं आलं. माझा नवरा आला नाही.